आप्पांच्या नावावरचा श्वास

भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमनी ज्या कागदावर बोट ठेवलं होतं तो कागद खोटा होता, आणि त्या खोलीत ते दोघांनाच ठाऊक होतं, आप्पांना आणि मला. आप्पा म्हणजे माझे वडील. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात पलंगाला टेकून बसले होते, हाताला सलाइन, छातीला वायरी. परवा त्यांची बायपास व्हायची होती. आई पायथ्याशी स्टुलावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“हा रिपोर्ट छान आहे हं, काका,” मॅडम म्हणाल्या. “फाउंड्रीत एवढी वर्षं काढून फुप्फुसं चांगली राखलीत.”

आप्पांनी मान डोलावली. इतक्या शांतपणे डोलावली की क्षणभर मलाही वाटलं, खरंच राखली असतील.

झालं होतं असं. चार दिवसांपूर्वी काळेवाडीच्या आमच्या घरी आंघोळ करून बाहेर येताना आप्पांच्या छातीत कळ आली आणि ते तिथेच खाली बसले. अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त नेणाऱ्या मुख्य नळीच्या तोंडाशीच अडथळा होता. सर्जन म्हणाले, वेळ घालवण्यात अर्थ नाही. हृदयाचं ते बघणार होते. मॅडमचं काम वेगळं होतं. ऑपरेशननंतर माणूस आपल्या छातीनं श्वास घेईल का, घशातली नळी वेळेवर निघेल का, फुप्फुसात पाणी साचेल का, न्यूमोनिया होईल का, हे आधीच ताडायचं आणि त्याप्रमाणे तयारी करायची. त्यासाठी त्यांच्याकडे एक फॉर्म होता. वय, वजन, साखर, तंबाखू, खोकला, श्वासाची तपासणी. प्रत्येक उत्तराला गुण, शेवटी बेरीज, आणि बेरजेवरून धोका.

श्वासाची तपासणी म्हणजे एका नळीत सगळा जोर लावून फुंकायचं. पण आप्पांच्या हृदयाची अवस्था अशी होती की तेवढा जोर लावताना तिथेच काहीतरी होऊन बसलं असतं. म्हणून मॅडम म्हणाल्या होत्या, जुनं काही असेल तर आणा. जुनं तर आमच्याकडे रग्गड होतं. कंपनीच्या दरवर्षीच्या मेडिकलचे सगळे कागद आप्पांनी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ओळीनं लावून ठेवले होते. ती फाइल आईनंच कपाटातून काढून आणली, मोठ्या अभिमानानं.

मी चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमचंही काम हेच. पार्ट बनायच्या आधी बसून ठरवायचं की तो कुठे मोडू शकतो, मोडला तर किती वाईट, आणि मोडण्याआधी आपल्याला कळेल का. गुण द्यायचे, गुणाकार करायचा, जिथे आकडा मोठा तिथे आधी धावायचं. म्हणून मॅडमच्या हातातला फॉर्म पाहून मला धीर यायला हवा होता. तो आला नाही. फॉर्म कितीही शहाणा असला तरी आत खोटं माप घातलं की बाहेर खोटाच आकडा पडतो, हे मी लाइनवरच्या माणसांना रोज ओरडून सांगतो. त्यापायी मला सगळे खडूस म्हणतात. आणि आता माझ्या डोळ्यांदेखत खोटं माप भरलं जात होतं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होतो.

मॅडमनी बेरीज केली. “मध्यम धोका,” त्या म्हणाल्या. “घाबरू नका, काकू.”

आई हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मला जास्तच भीती वाटली.

त्या कागदाची हकीगत सांगायलाच हवी. आप्पा भोसरीकडच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या लोखंडाला वाळू चिकटलेली असते, कडेला फालतू लोखंड राहिलेलं असतं. ते ग्राइंडरनं घासून काढायचं, याला फेटलिंग म्हणतात. ठिणग्या सगळ्यांना दिसतात. धूळ दिसत नाही, ती पिठाहून बारीक असते, आणि ती नाकातून पुढे कुठे जाते हे विचारायला तिथे कुणाला सवड नसे. मास्क मिळायचे. त्यात जीव गुदमरतो म्हणून माणसं ते गळ्यात अडकवायची आणि साहेब दिसला की वर ओढायची.

वर्षातून एकदा मेडिकल असे. बाहेरची माणसं येऊन कँटीनमध्ये टेबलं लावायची. एकावर रक्त, एकावर डोळे, आणि शेवटच्या टेबलावर फुंकायचं मशीन. त्या टेबलाची सगळ्यांना धास्ती होती. फुंकर कमी पडली की माणसाला हलकं काम मिळायचं, म्हणजे झाडू नाहीतर पॅकिंग. ओव्हरटाइम बंद, आणि पुढच्या कपातीत पहिलं नाव त्याचंच. तेव्हा फेटलिंगच्या माणसांनी आपसांत एक रीत पाडली होती. टेबलावरचा माणूस तोंड बघत नसे, शर्टावरचा टोकन नंबर बघे. ज्याची छाती गेली त्याचा शर्ट, ज्याची शाबूत आहे त्यानं घालायचा आणि त्याच्या नावानं फुंकून यायचं. यात कुणाला काही गैर वाटत नसे. उलट जो नाही म्हणेल त्याच्याशी शॉपमधले लोक बोलणं टाकत.

आयटीआय झाल्यावर विसाव्या वर्षी मी आप्पांच्याच शब्दावर त्या फाउंड्रीत लागलो, त्याच शॉपमध्ये, फेटलिंगलाच. आप्पांच्या नोकरीची शेवटची तीन वर्षं मेडिकलच्या दिवशी त्यांचा शर्ट मी घातला. तिशीच्या आतल्या पोरांना फुंकायला लावत नसत, त्यामुळे माझ्या नावाचा कागद कधी निघालाच नाही. पहिल्या वेळी सायकल स्टँडच्या मागे आम्ही शर्ट बदलले. त्यांचा मला खांद्यात सैल होत होता.

“पोटापासनं फुक,” ते म्हणाले. “आन् मधी खोकू नगंस.”

मी फुंकलं. टेबलावरच्यानं मान वर न करता कागद पुढे सरकवला. बाहेर आल्यावर मला हसू आवरेना. आपण काहीतरी मोठी मर्दुमकी केली असं वाटत होतं. आप्पा हसले नाहीत. शर्ट परत घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि घरी जाताना सायकलवर बसण्याऐवजी ती हातात धरून चालत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, चढ हाय. तिथे चढ नव्हता.

मॅडमनी बोट ठेवलं होतं तो कागद तिसऱ्या वर्षीचा. तेव्हा आप्पा सत्तावन्नचे होते आणि मी सव्वीसचा. या गोष्टीला नऊ वर्षं झाली; त्यानंतर लगेच मी ती फाउंड्री सोडली आणि चाकणला लागलो.

घाबरण्याचं आणखी एक कारण होतं. आप्पांच्या शेजारच्या ग्राइंडरवर एक जण काम करायचे. आमच्याच गल्लीत राहायचे, मी त्यांना काका म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी त्यांची दुसऱ्या एका हॉस्पिटलात बायपास झाली. सर्जननं बाहेर येऊन सांगितलं, उत्तम झालं. खरंच झालं असणार. हृदय व्यवस्थित चालत राहिलं, घशातली नळी मात्र निघेना. काढायचे आणि पुन्हा घालायचे. मी दोनदा बघायला गेलो. काकांचे डोळे उघडे असायचे, बोलता यायचं नाही, आणि सगळं कळतंय हे डोळ्यांत दिसायचं. तीन आठवड्यांनी ते गेले. त्यांच्याही घरी असा छान कागद असणार. तो कुणाच्या फुंकरीचा, हे मला माहीत नाही. दहाव्याहून परत येताना आप्पा रिक्षात एवढंच म्हणाले होते, “मला त्या नळीवर ठिवू नगा.”

मॅडम गेल्या. आई चहा आणायला खाली गेली. मी दार लोटलं.

“आप्पा, त्यांना सांगायला पाहिजे.”

“काय?”

“काय ते तुम्हाला माहीत आहे.”

आप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “सांगितलं तर कापायचेच न्हाईत. म्हनत्याल, जा घरी, तुझी छाती न्हाई निभायची. मग हितनं गेलो का मेलोच की.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर द्येव बघंल.”

“काकांचं बघितलं तसं?”

मी असं बोलायला नको होतं. माझी जीभ अशीच आहे, चाकणलाही तिच्यापायी शत्रू करून ठेवलेत. आप्पांचा चेहरा उतरला. मग एकदम माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “आन् तुझं काय? दुसऱ्याच्या नावानं फुकलास. उद्या कंपनीनं क्येस टाकली तर? तुझी चाकनची नोकरी जाईल.”

हसावं की रडावं मला कळेना. ती फाउंड्री बंद पडून कितीतरी वर्षं झाली. तिच्या जागेवर आता फ्लॅटची स्कीम उभी आहे आणि खाली पिझ्झाचं दुकान. पण आप्पांच्या मनात ती कंपनी चालू होती, आणि तिच्या गेटावर कुणीतरी अजून त्यांचं कार्ड तपासायला उभं होतं.

“माझी शपत हाय तुला,” ते म्हणाले. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि आम्ही दोघंही ऊन फार आहे असं काहीतरी बोलायला लागलो.

खरं सांगायचं तर मी शपथेपायी गप्प बसलो नाही. मी त्या ‘मध्यम’ या शब्दापायी गप्प बसलो. तो शब्द मला हवा होता. जिन्यात उभा राहून मी तो मनात घोळवत होतो. नऊ वर्षांपूर्वीचा तर कागद, त्यानं असा काय फरक पडणार? मशीनं आता सुधारलीत. काकांना साखर होती, आप्पांना नाही. एखादा सप्लायर खराब मालाची जशी समजूत घालतो तशी मी माझी समजूत घालत होतो, आणि अशा सप्लायरला मी केबिनमधून बाहेर काढलं असतं. आप्पा काचेच्या पलीकडे, घशात नळी, डोळे उघडे, हे एकच चित्र पुन्हा पुन्हा समोर येत होतं.

बायकोला फोन केला. तिला हे सगळं पहिल्यांदाच सांगत होतो. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “तुला धोका कमी करायचाय की कागदावर कमी दाखवायचाय?”

“तुला काय जातंय बोलायला,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. आणि दोन जिने चढून मॅडमच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. दार वाजवायला मात्र दहा मिनिटं लागली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शर्टाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हणजे तुमच्या वडिलांच्या छातीत काय आहे, हे मला काहीच माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

“जिना चढताना ते मध्ये थांबतात,” मी म्हणालो. “चार-पाच वर्षं झाली. आम्हाला सांगतात, गुडघे दुखतात.”

“आणखी?”

“सकाळी खोकतात. नळ चालू ठेवून, म्हणजे ऐकू जाऊ नये.”

हे मला माहीत आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. एकेक बाहेर पडत गेलं. मॅडमनी तो फॉर्म फाडला, नवा घेतला आणि पहिल्यापासून भरायला लागल्या. त्याच दुपारी आप्पांच्या छातीचं स्कॅनिंग झालं, मनगटातून रक्त काढून त्यातला प्राणवायू मोजला. संध्याकाळी त्यांनी मला स्क्रीनवर पांढरे ठिपके दाखवले, दोन्ही बाजूंना, वरच्या भागात. वाळू म्हणाल्या त्या. अगदी साध्या शब्दांत, वाळू.

मी विचारलं, शंभरात किती? त्यांनी आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. शंभर पीसमधले इतके जातील, असं म्हटलं की मला कळतं, कुठल्या खोक्यात किती जादा भरायचे ते कळतं. इथे खोक्यात एकच पीस होता आणि तो माझा बाप होता. तो आकडा मी घरी कुणाला सांगितला नाही. गाडी चालवताना पुढच्या गाडीच्या नंबरातसुद्धा तोच दिसायचा.

“घरी पाठवणार?” मी विचारलं.

“का पाठवू? आता तर कळलंय कशाशी गाठ आहे ते.” सर्जनशी बोलून त्यांनी ऑपरेशन सहा दिवस पुढे ढकललं. हृदयाला धीर देणारी औषधं चालू ठेवायची, तेवढ्यात छातीची तयारी करायची. शक्य झालं तर हृदय न थांबवता ऑपरेशन करायचं. नळी काढली की लगेच लावायला, मास्कमधून हवा देणारं मशीन आधीपासून पलंगापाशी आणून ठेवायचं. “पण वाट बघण्यातही धोका आहे,” त्या म्हणाल्या. “या सहा दिवसांत हृदयानं दगा दिला, तर तो माझा निर्णय असेल, तुमचा नाही. एवढं लक्षात ठेवा.”

कुणी असं बोललं की माणसाला रडू येतं. मलाही आलं.

आप्पांना त्यांनीच सांगितलं, माझ्यासमोर, आईसमोर. आईनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तू फुकलंस? ह्यांच्या बदली?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो. “आन् मी इतकी वर्सं ती फाइल कपाटात देवाच्या फोटूपाशी ठिवत हुते, साडीच्या घडीत,” ती म्हणाली. “दोगांनी मिळून मला येडी केली.” त्या दिवशी तिनं आमच्या दोघांचाही डबा उघडला नाही. नर्सनं आप्पांना जेवायला वाढलं आणि मी तसाच बसलो.

सहा दिवस आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. फिजिओथेरपीची मुलगी रोज यायची, वाफ द्यायची, पाठीवर थापट्या मारायची, आणि त्यांना तीन रंगीत गोळ्यांचं एक यंत्र दिलं होतं. त्याच्या नळीतून हवा आत ओढली की गोळ्या वर चढतात. आप्पांनी ते पहिल्यांदा तोंडाला लावलं आणि होता नव्हता तेवढा जोर करून फुंकलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. ते पुन्हा फुंकायला लागले.

“काका, फुंकायचं नाही, ओढायचं,” मुलगी घाबरून म्हणाली.

पण नळी दिसली की आप्पांची छाती फुंकायलाच बघे. आयुष्यभर त्यांना असल्या टेबलाची धास्तीच होती. दुसऱ्या दिवशी जमलं. एक गोळी वर जायची, थरथरायची, खाली यायची. चौथ्या दिवशी दोन. तिसरी कधीच हलली नाही. मी खुर्चीत बसून बघत असायचो आणि त्यांच्याबरोबर माझाही श्वास ओढला जायचा. मधूनच ते छातीवर हात ठेवायचे आणि मला वाटायचं, झालं, हृदयानं दगा दिला, मी बोललो नसतो तर एव्हाना ऑपरेशन होऊन गेलं असतं. दिवसातून दहा वेळा तरी वाटायचं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लवकर त्यांना आत नेलं. दाराशी स्ट्रेचर थांबलं तेव्हा ते आईशी बोलले, माझ्याकडे फक्त बघितलं. दुपारी सर्जन बाहेर आले, मास्क हनुवटीवर ओढलेला, आणि म्हणाले, “उत्तम झालं.” आई हात जोडायला लागली. मी हात जोडले नाहीत, कारण हाच शब्द मी काकांच्या वेळी ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी नळी काढायची होती. नाही काढली. म्हणाले, उद्या बघू. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या भेटीला मला पाच मिनिटं आत सोडलं. आप्पांचे डोळे उघडे होते. नळीमुळे ओठ एका बाजूला ओढले गेले होते. त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली. मला नळीवर ठेवू नका म्हणाले होते, आणि मीच त्यांना तिथवर आणलं होतं. “आज काढणार आहेत आप्पा,” मी म्हणालो. मला काही माहीत नव्हतं. मी नुसतं बोललो. बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि तिथल्या वॉचमननं मला, साहेब, बसा, असं म्हणून आपली खुर्ची दिली.

त्या दुपारी काढली. मास्कचं मशीन तयारच होतं, लगेच लावलं. पाणी साचलं होतं थोडं, ताप आला, दोन दिवस वरखाली झालं. मॅडम म्हणाल्या, मास्क शोधायला दोन तास लागले असते तर नळी परत घालावी लागली असती, आणि अशी दुसऱ्यांदा घातलेली लवकर निघत नाही. अकराव्या दिवशी आम्ही आप्पांना काळेवाडीला घरी आणलं. वाटेत आकुर्डीच्या सिग्नलला ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “गाडी हळू घे,” एवढंच. मला केवढा आनंद झाला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

दीड महिन्यानं तपासणीला गेलो. आप्पा बरे होते, काठी टेकत पण आपल्या पायांनी चालत होते. सर्जन खूश झाले. मग मॅडमनी आम्हाला आत बोलावलं आणि आप्पांची तब्येत विचारून झाल्यावर म्हणाल्या, “तो कागद आहे ना अजून? तुम्ही फुंकलेला?”

फाइल बरोबर होतीच. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

“तेव्हा गडबडीत माझ्या ध्यानात आलं नाही. परवा घरी भाजी निवडताना एकदम आलं,” त्या म्हणाल्या. “हे मशीन हवा मोजतं. ती पुरेशी आहे की कमी, हे माणसाचं वय आणि उंची बघून ठरतं. सत्तावन्नच्या माणसाला एवढी हवा पुष्कळ झाली, म्हणून खाली नॉर्मल छापलंय. पण फुंकणारा सत्तावन्नचा नव्हता.”

“नव्हता,” मी म्हणालो.

“सव्वीसच्या माणसाची यापेक्षा बरीच जास्त यायला हवी होती.”

मला समजायला वेळ लागला नाही. हा माझाच धंदा आहे. दुसऱ्या पार्टच्या ड्रॉइंगवर पार्ट मोजला की रिजेक्ट पीस पास होतो. नऊ वर्षं मी समजत होतो की त्या कागदावर एका धडधाकट माणसाचा श्वास आहे. त्या शॉपमध्ये तोवर मी सहा वर्षं काढली होती, मास्क गळ्यात अडकवून.

“म्हंजी?” आप्पांनी विचारलं. मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. आप्पांनी दोघांकडे बघितलं. “म्हंजी ह्याचीबी? तवाच?”

तपासणी त्याच मजल्यावर होती. आप्पांना मी खाली आईजवळ बसा म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. दाराबाहेरच्या बाकावर काठी मांडीवर घेऊन बसले. आत मला तीनदा फुंकायला लावलं. माझ्या नावानं, माझं वय घालून. नर्स म्हणत होती, आणखी, आणखी, सोडू नका, आणि मी सोडत नव्हतो, पण पुढे काही नव्हतंच. मॅडमनी कागद बघितला. कमी आहे म्हणाल्या. स्कॅनिंग करून घेऊ, धुळीच्या जवळ जायचं नाही, आणि दरवर्षी मोजायचं. गेलेलं परत येत नाही, पुढचं राखायचं. त्या फार चांगलं बोलल्या. मला मधले शब्द ऐकू येत नव्हते. मला माझी सात वर्षांची मुलगी दिसत होती.

बाहेर आलो.

“काय म्हनल्या?” आप्पांनी विचारलं.

“बरं आहे. काळजीचं काही नाही.”

“कागद दाव.”

“इंग्रजीत आहे, आप्पा.”

“दाव म्हन्तो ना.”

दिला. आप्पांना इंग्रजी येत नाही, पण फेटलिंगच्या माणसांना त्या कागदावरची अक्षरं कधी लागली नाहीत. त्यांना त्यातली रेघ कळायची. छाती भक्कम असली की रेघ टेकाडासारखी उभी चढते, गेलेली असली की बुटकी राहते. कँटीनमध्ये माणसं एकमेकांच्या रेघा बघून गप्प बसायची. आप्पांनी चष्मा लावला, रेघेवर बोट ठेवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. परत आणलं. परत फिरवलं.

“ही तर माझी रेघ हाय रं,” ते म्हणाले.

मी म्हणालो, चला आप्पा, आई खाली वाट बघत असेल. ते उठले नाहीत. कागद त्यांच्या हातातून घ्यायचं मला धैर्य होईना, म्हणून मीही त्यांच्या शेजारी बसलो.